धूर ओळखणाऱ्या सरगर मॅडम

दुपारचे साडेचार वाजले की सरगर मॅडम ग्रंथालयात यायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "कुलकर्णी सर, खुर्ची."

मी खुर्ची सोडायचो. आमच्या सोलापूरच्या कॉलेजात धड चालणारं इंटरनेट एकाच टेबलावर होतं आणि ते टेबल ग्रंथपाल म्हणून माझं होतं. मॅडमच्या भूगोल विभागालाही एक संगणक मिळालेला होता, पण तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर तास संपायचा. त्यामुळे निवृत्त होईपर्यंत मॅडम माझ्या खुर्चीत बसल्या आणि मी समोरच्या स्टुलावर. पहिल्या वर्षी मला याचा थोडा राग यायचा. पुढे पुढे साडेचारला त्या आल्या नाहीत तर मीच दाराकडे बघायला लागलो.

बसल्या की चष्मा कपाळावर सरकवायचा, नाक पडद्याला टेकेल इतकं पुढे न्यायचं आणि उपग्रहानं त्या दुपारी काढलेलं चित्र उघडायचं, हा त्यांचा नेम. चित्र अरबस्तानापासून बघायला सुरुवात. मग ओमानचा किनारा, मग सगळा समुद्र, मग कोकण, घाट, आणि सगळ्यात शेवटी आपण.

"सोलापूर आधी बघा की," मी एकदा म्हणालो.

"आपल्याकडचं शेवटी बघायचं. आधी बघितलं की मन तिथंच अडकतं. मग जे दिसायला हवं वाटतं तेच दिसतं."

पाच-सात मिनिटांत त्यांचं काम व्हायचं. उठताना एखादं वाक्य टाकायच्या. "ओमानवर धूळ उठलीय. वारा असाच राहिला तर परवा संध्याकाळी आपल्याकडं." किंवा, "घाटात वणवे लागलेत, तीन ठिकाणी." आणि जायच्या. हे मी एका कानानं ऐकत असे. पण एकदा खरोखरच तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीतून एरवी स्वच्छ दिसणारी पाण्याची टाकी दिसेनाशी झाली आणि सूर्य पांढुरक्या नाण्यासारखा झाला. मग मी स्टूल थोडं जवळ ओढून चित्र बघू लागलो.

मॅडम बुटक्या होत्या. सुती साडी, पदराला दोन पिना, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि साडीखाली खेळाचे बूट. टाच दुखते म्हणून बूट घालायला लागल्या आणि टाच बरी झाल्यावरही त्यांनी ते सोडले नाहीत. दुसरी सवय बोट फिरवायची. स्कूटरचं सीट, वर्गातला बाक, ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या माथ्यावरची धूळ, दिसेल तिथं तर्जनी फिरवून ती उन्हात धरून बघायच्या. एकदा प्राचार्यांच्या गाडीवर असं बोट फिरवताना स्वतः प्राचार्यच मागं येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "मॅडम, गाडी रोज पुसतात हो." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच बघतेय सर. ही आजची आहे."

होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये त्या ही धूळ साठवत. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वाऱ्याची दिशा. दोन बाटल्या शेजारी धरून मला दाखवायच्या. एकीतली काळपट, जरा खरखरीत. "ही आपली." दुसरीतली गव्हाच्या पिठासारखी मऊ, फिक्कट पिवळी. "ही पाहुणी."

वर्गात त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला तीन चित्रं दाखवत आणि विचारत, यात धूळ कुठली, धूर कुठला, धुकं कुठलं. मुलं तिन्हींना धुकं म्हणायची. मग मॅडम समजावून सांगायच्या. वरून पाहिलं तर धुकं पांढरंशुभ्र, कडा कापल्यासारख्या. धूर निळसर राखाडी, आगीपाशी दाट आणि पुढे विरत गेलेला. धूळ पिवळट, मोठ्या चादरीसारखी पसरलेली. "वेगळं दिसतं ते वेगळ्या शब्दानं सांगा. सगळ्यालाच धुकं म्हणून मोकळं होऊ नका." परीक्षेत हा प्रश्न कधीच येत नसे, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना तो आयुष्यभर आठवायचा. मला अजून भेटणारे जुने विद्यार्थी पहिली आठवण तीच सांगतात.

मॅडम राहायच्या शहराच्या पूर्व भागाला लागून, यंत्रमागवाल्यांच्या शेजारात. त्यांच्या गल्लीत नरसम्माबाई म्हणून एक तेलुगू बाई होत्या. एका एप्रिलमध्ये चार थेंब पाऊस पडला आणि नरसम्माबाईंनी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पिवळट ठिपके उमटले. समोर एक इमारत उठत होती. बाईंनी तिथल्या मुकादमाला गल्लीत उभा करून असा धुतला की तो बिचारा विटांच्या ढिगाआड जाऊन बसला. मॅडम आपली बाटली घेऊन मध्ये पडल्या.

"नरसम्माबाई, ही याची धूळ नाही. ही वाळवंटातली. समुद्रावरून आली आणि पावसाच्या थेंबाबरोबर खाली पडली."

नरसम्माबाईंनी बाटली हातात घेऊन उलटीसुलटी केली. "एवढ्या लांबून आली, आन माझ्याच चादरीवर पडली?"

"सगळ्यांच्याच पडली. तुमच्या पांढऱ्या होत्या म्हणून दिसली."

बाई जरा थंड झाल्या. मग त्यांनी विचारलं, "हे येणार ते तुमाला आधी कळतं?"

"एक-दोन दिवस आधी. बहुतेक वेळा."

"मग सांगत का न्हाई? आमचे मालक मागाच्या खात्यात राबले जन्मभर, छातीत सगळा कापूस बसलाय. अशा हवेत रात रात खोकतात. कळलं असतं तर खिडक्या लावल्या असत्या की."

दुसऱ्या दिवशी मॅडम ग्रंथालयात आल्या त्या चित्र न उघडता नुसत्याच बसून राहिल्या. म्हणाल्या, "कुलकर्णी सर, सात वर्षं झाली मी रोज हे बघतेय. आणि कुणाला सांगावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या बाईला एका मिनिटात आलं."

त्या दिवसापासून निरोप सुरू झाले. आधी नरसम्माबाईंच्या मालकांना. मग आमच्या शिपायाच्या आईला. मग मंद्रूपहून येणाऱ्या एका मुलीला, जिला दम्यामुळे सारखी गैरहजेरी लागायची. कुणी कुणाचा नंबर दिला आणि यादी वाढत गेली. निरोप दोन ओळींचा. "उद्या दुपारनंतर हवा जड. औषध जवळ ठेवा." वर नमस्कार नाही, खाली फुलं नाहीत. आमच्या एका सहकाऱ्यानं तो निरोप 'सोलापूरवर धुळीचं भयंकर संकट' असं वर जोडून पुढे पाठवला, तर मॅडम त्याच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. "चित्राला जेवढं दिसतं तेवढंच बोलायचं," एवढंच त्यांनी त्याला ऐकवलं होतं.

एकदा त्या चुकल्याही. यादीत बिराजदार आजोबा होते, निवृत्त कारकून, दर गुरुवारी अक्कलकोटला दर्शनाला जाणारे. एका बुधवारी निरोप गेला आणि गुरुवारी आजोबा घरात दारं लावून बसले. दिवसभर आकाश निळंशार. धूळ आली होती, पण फार वरून निघून गेली, खाली उतरलीच नाही. शुक्रवारी आजोबा छत्री टेकत कॉलेजात आले आणि ग्रंथालयाच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, अकरा वर्षांत माझा गुरुवार चुकला न्हवता की."

ते रागानं बोलले नाहीत, तेच मॅडमना लागलं. त्यांनी हात जोडून माफी मागितली आणि पुढच्या गुरुवारी रजा टाकून आजोबांना स्वतः अक्कलकोटला घेऊन गेल्या. जाताना गडबडीत त्यांनी आजोबांना चुकीच्या एसटीत बसवलं. वाटेत उतरून दुसरी गाडी धरावी लागली. त्या गाडीत आजोबा कंडक्टरशी कानडीत काहीतरी बोलले आणि दोघंही मॅडमकडे बघून हसले. मॅडमनी विचारलं, काय सांगितलंत. आजोबा म्हणाले, "म्हटलं, ह्या बाईला वरनं समुद्रापलीकडचं दिसतं. स्टँडवरची पाटी तेवढी दिसत न्हाई."

ही गोष्ट मॅडम स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. पण त्यानंतर निरोपात एक ओळ वाढली. "वरून निघून जाण्याचीही शक्यता आहे. घरात कोंडून बसू नका."

आता जे सांगणार आहे ते त्यांनी स्वतः कॉलेजात दुसऱ्या कुणालाच सांगितलं नाही. मी स्टुलावर बसलेला होतो म्हणून मला माहीत.

मॅडमचं माहेर नातेपुत्याकडचं, शेतकऱ्याचं घर. आईवडील गेलेले. धाकटा भाऊ दत्ता शेती बघायचा, ऊस लावायचा. मॅडम त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. त्याला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवला होता. एरवी कॉलेजात छापील मराठी बोलणाऱ्या मॅडम दत्ताचा फोन आला की एका क्षणात तिकडच्या व्हायच्या. "व्हय रं, जेवलास का? मंगल कुटं हाय?" मंगल म्हणजे दत्ताची बायको.

एका जानेवारीत तानाजी नावाचा चाळिशीतला माणूस आमच्या कॉलेजात आला. नातेपुत्याजवळच्या एका वाडीवरचा. त्यांच्या गावची एक मुलगी मॅडमच्या वर्गात होती, तिनं पाठवलं होतं. तानाजीच्या कपाळावर टाक्यांची ताजी खूण होती. त्याची बायको सुनंदा अंगणवाडीत काम करायची. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोघं मोटरसायकलवरून घरी निघाले होते. रस्त्यावर अचानक पुढचं काही दिसेना. उसाची रिकामी ट्रॉली कडेला उभी होती, तिच्यावर गाडी आदळली. तानाजी फेकला गेला म्हणून वाचला. सुनंदाचा डावा पाय ट्रॉलीच्या चाकापाशी चिरडला. डॉक्टरांनी पाय राखला, पण तो पुन्हा सरळ व्हायचा नव्हता.

"जमलेली माणसं म्हणाली धुकं हुतं, आन पोलिसांच्या कागदात तसंच लिवलं गेलं," तानाजी म्हणाला. "मॅडम, धुकं न्हवतं. माझ्या डोळ्यांतनं पाणी येत हुतं, घसा धरला हुता. धुक्यानं घसा धरतो का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"समदी मलाच बोल लावत्यात. धुक्यात गाडी हळू मारायची, बायकोचा पाय घालवलास म्हणत्यात. ती बिचारी काय म्हणत न्हाय. पण तिनंच सांगितलं, कुणाकडनं तरी एवढं लिहून आणा, की धुकं न्हवतं."

मॅडमनी तारीख विचारली, वेळ विचारली, जागा विचारली आणि त्या दिवसाचं चित्र उघडलं. मीही बघत होतो. आकाश मोकळं, नातेपुत्याच्या माळशिरस तालुक्यावर ढगाचा ठिपका नाही. "संध्याकाळी सहाला, असल्या कोरड्या हवेत धुकं धरत नाही," त्या स्वतःशी बोलल्यासारख्या बोलल्या. मग आगीची नोंद दाखवणारं चित्र लावलं. रस्त्याच्या पश्चिमेला एक लाल चौकोन होता आणि त्यातून निघालेला निळसर पट्टा रस्त्याकडे गेलेला. ऊस तुटून गेला की रानात वाळलेली पानं पडून राहतात, ते पाचट. ते हटवायचा सोपा मार्ग म्हणजे काडी लावणं. दुपारी पेटवायचं, संध्याकाळी हवा गार झाली की धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. त्या दिवशी तो रस्त्यावर पसरला होता.

मॅडमनी चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. हे त्या कधी करत नसत.

तानाजीला त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तो सोलापुरातच पाहुण्यांकडे उतरला होता. तो गेल्यावर त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही विहीर. हा ओढा. हे आमचं रान."

मी म्हणालो, "चौकोन बराच मोठा आहे मॅडम."

"साधारण चारशे मीटरचा. त्यात चार शेतं येतात. आग त्यातल्या कुठल्याही शेतात असू शकते, एवढंच चित्र सांगतं." मग पुन्हा म्हणाल्या, "चित्र तेवढंच सांगतं."

त्या फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. मला त्यांचीच बाजू ऐकू येत होती.

"दत्ता, त्या दिवशी पाचट पेटवलंस का? … न्हाय, सगळीच पेटवत्यात ते मला म्हाईत हाय. मी तुझं इचारतीय. … तुझं पेटलं हुतं का न्हाय एवढंच सांग."

पलीकडचं उत्तर त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या बाईकडं जाऊन ये. काय बोलू नगंस. नुसतं जाऊन ये." आणि मग फोन कानाला तसाच धरून उभ्या राहिल्या. पलीकडून तो ठेवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याच टेबलावर बसून हातानं कागद लिहिला. तारीख, वेळ, हवा कशी होती, आग कुठं होती, धूर कुठल्या दिशेला गेला. धुकं असण्याची शक्यता नाही. आगीच्या चौकोनात चार शेतं येतात, नेमकं कुठलं ते या चित्रावरून ठरवता येत नाही. आणि खाली शेवटचं वाक्य: "त्यातलं एक शेत माझ्या भावाचं असून त्या दिवशी तिथं पाचट पेटवलं होतं, असं त्यानं मला सांगितलं आहे."

मी वाचलं आणि म्हणालो, "मॅडम, शेवटचं वाक्य कुणी मागितलंय? त्या माणसाला धुकं नव्हतं एवढंच हवंय. ते वर लिहून झालंय."

"मला माहीत आहे ते लपवून बाकीच्या तिघांवर संशय ठेवू?"

"भाऊ आहे तुमचा."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या आणि सही केली. सहीत आडनावातला र नीट उमटला नाही. तो त्यांनी पुन्हा गिरवला.

त्या कागदानं फार काही उलथापालथ झाली नाही. पोलीस ठाण्यात तो घेतला गेला, इतर कागदांना जोडला गेला, मूळ नोंदीतला शब्द मात्र तोच राहिला. पण तानाजीनं त्याची झेरॉक्स काढून गावात दाखवली आणि त्याला बोल लावणारी तोंडं बंद झाली. मॅडम एकदा सुनंदाला भेटून आल्या. ती म्हणाली, "धूर हुता हे मला म्हाईतच हुतं. कुणी म्हणत न्हवतं एवढंच." शेजारच्या तिन्ही शेतांचे मालक दत्ताच्या दारात जाऊन भांडून आले, तुझ्या बहिणीनं आम्हालाही कागदावर आणलं म्हणून. दत्तानं मॅडमचा फोन घेणं बंद केलं. दिवाळीच्या आधी मंगलचा चोरून फोन आला. रडत म्हणाली, "आक्का, औंदा भाऊबीजेला येऊ नका म्हणत्यात."

दरवर्षी दिवाळीनंतर मॅडम माहेरच्या करंज्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवायच्या. त्या वर्षी डबा आला नाही. मॅडमचे यजमान फार कमी बोलणारे गृहस्थ. ते एकदा त्यांना न्यायला आले तेव्हा बाहेर मला हळूच म्हणाले, "हिला जेवण जात नाही हो." एवढंच.

मग पुन्हा ऊसतोडीचा हंगाम आला आणि मॅडमनी आपला नेम मोडला. साडेचारला बसल्या की अरबस्तान नाही, समुद्र नाही, आधी नातेपुतं. आजूबाजूला लाल चौकोन उमटायचे, आज इथं दोन, उद्या तिथं पाच. त्यांचं बोट विहीर आणि ओढ्याच्या मधल्या जागी यायचं आणि थांबायचं.

"आज नाही."

दुसऱ्या दिवशी, "आज पण नाही."

मी म्हणायचो, मॅडम, त्यानं सोडून दिलं असेल पेटवणं. तर त्या स्वतःच वकिली करायच्या. "उपग्रह जाऊन गेल्यावर पेटवलं असेल. आग लहान असेल, दिसली नसेल." त्यांना समाधान नव्हतं. शेवटी फेब्रुवारीत त्यांनी दुसऱ्या एका उपग्रहाचं चित्र काढलं. तो काही दिवसांनी एकदाच येतो, पण त्यात रानाचा रंगही कळतो. आसपासची कितीतरी रानं जळून काळी झालेली होती. दत्ताचा ऊस तुटून गेलेला होता आणि त्याचं रान फिकट पिवळं होतं. पाचट तसंच पसरलेलं, न जळलेलं.

मॅडम ते चित्र खूप वेळ बघत बसल्या. ग्रंथालय बंद करायची वेळ झाली तरी मी दिवे मालवले नाहीत.

"काळं नाही," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि पडद्यावरची धूळ पुसल्यासारखं करून उठल्या.

पुढच्या हंगामातही तेच. दोन वर्षं बहीणभाऊ एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. पण दत्ता काय करतो हे बहिणीला रोज कळत होतं आणि ते तिला कळतंय हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, मार्चमध्ये, दुपारी त्या खुर्चीत बसलेल्या असताना फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो उचलला आणि तो चुकून स्पीकरवर गेला, त्यामुळे या वेळी मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"आक्का, दत्ता बोलतुय."

"बोल."

"औंदा बी पाचट न्हाय पेटवलं. बारीक कुट्टी करून रानातच गाडलं."

"म्हाईत हाय मला."

"मंगलनं सांगितलं?"

"न्हाय. वरनं दिसतं. काळं झालं न्हाय रान."

"गेल्या साली बी बघितलं हुतंस?"

"रोज."

"मग फोन का न्हाय केलास?"

"तू उचलला असतास?"

मग त्याचा आवाज आला, जरा बारीक. "आक्का, त्या सुनंदाबाईकडं जायाचं हाय. दोनदा कोपऱ्यापतूर जाऊन माघारी आलो. एकट्याला पाय उचलत न्हाय. तू येतीस का संगं?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "उद्या सकाळच्या गाडीनं निघते," त्या म्हणाल्या.

त्या भेटीचं त्यांनी मला एकदाच आणि तुटक सांगितलं. दत्ता उंबऱ्याशी उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "धूर माझ्या रानाचा हुता." तानाजी उठून परसात निघून गेला. सुनंदानं दत्ताला "बसा" म्हटलं, भिंतीला टेकवलेली काठी घेतली, चुलीपाशी गेली आणि स्वतःच्या हातानं चहा केला. मॅडम मदतीला उठल्या तर तिनं नको म्हणून सांगितलं. "तो चहा प्यायला दत्ताला अर्धा तास लागला," मॅडम म्हणाल्या. तानाजी शेवटपर्यंत परसातून आला नाही. निघताना सुनंदा दत्ताला म्हणाली, "बाकीच्यास्नी बी सांगा न पेटवायला. तुमचं ऐकतील."

ती ते कशाच्या भरवशावर म्हणाली कोण जाणे, कारण तेव्हा दत्ताचं ऐकणारं गावात कुणी नव्हतं. पण त्यानं सांगायला सुरुवात केली. शेजारच्या तिघांतल्या एकानं पहिल्यांदा शिव्या घातल्या आणि दुसऱ्या वर्षी पाचटाची कुट्टी करणारं यंत्र त्याच्याकडून मागून नेलं. बाकी दोघांतल्या एकानं मात्र अजून नेलेलं नाही. त्याचं रान दरवर्षी चित्रात काळं दिसायचं आणि मॅडम त्याबद्दल काही बोलत नसत.

यथावकाश मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. निरोपांची यादी मंद्रूपच्या त्या दम्याच्या मुलीकडे सोपवली. ती आता एका शाळेत भूगोल शिकवते आणि तीन ओळींच्या वर एक शब्द लिहीत नाही. मला माझी खुर्ची परत मिळाली. साडेचारला तिच्यात बसून मी काय करावं हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही गाडीनं नातेपुत्याकडे निघालो होतो. दुपार उतरत आली होती. रस्त्याच्या कडेला एका तुटलेल्या उसाच्या रानात ट्रॅक्टरमागं यंत्र लावून पाचटाची कुट्टी चालली होती आणि बांधावर पाच-सहा शेतकरी उभे राहून बघत होते. यंत्राशेजारी एक दणकट माणूस हातवारे करून त्यांना काही सांगत होता. तो दत्ता असणार, कारण जरा पुढे, बांधावरच्या झाडाच्या सावलीत, मॅडम बसल्या होत्या. बूट काढून शेजारी ठेवलेले, केस पूर्ण पांढरे झालेले, आणि त्या केसांत, खांद्यावर, पदरावर पाचटाचे पिवळे तुकडे. मागं गुडघ्यावर बसून एक बाई, मंगलच असणार, त्यांच्या केसांतले तुकडे एकेक करून काढत होती. मॅडम शेतकऱ्यांकडे वळून काहीतरी सांगू पाहत होत्या, बहुधा दत्ताचं काही चुकत असावं, आणि सारखी मान हलवत होत्या.

थांबावं असं वाटलं. मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलंही. पण मंगलनं वैतागून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून सरळ केलं, लहान मुलीचं करावं तसं, आणि मॅडम गप्प बसल्या. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, हलल्या नाहीत. मी काच वर केली आणि गाडी पुढे जाऊ दिली.